पोर्तुगालमधलं एखादं जुनं गाव आई-बाबांना पायी दाखवायचंय. कुठलं निवडू?

सांगलीची_लिस्बनमध्ये

नमस्कार मंडळी,

नोकरीमुळे मी लिस्बनला असते. एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुमारास आई-बाबा सांगलीहून येताहेत. बेलेंचा बुरूज, सिंत्राचे राजवाडे, ट्राम हे सगळं ठरलेलं आहे. पण बाबांनी फोनवर एक वेगळीच मागणी केली आहे. "मोठ्या इमारती दाखव, पण एक जुनं गावही दाखव. माणसं राहत असतील असं. तिथे आपण सकाळभर चालू."

ऑफिसमध्ये विचारलं तर सगळ्यांच्या तोंडी ओबिदुश. मी रविवारी जाऊन आले. तटबंदी सुंदर आहे, पण मुख्य गल्लीत दोन्ही बाजूंना दुकानं आणि मधे माणसांचा लोंढा. बाबांना ते आवडणार नाही. ते वैद्य आहेत, सांगलीत दवाखाना आहे, आणि प्रवासात त्यांना एखाद्या चौकटीपाशी, झाडापाशी उभं राहून "हे काय, हे कुणी केलं" असं विचारायची सवय आहे. सांगणारं कुणी असेल तर ते तास न् तास ऐकतात.

अडचणी अशा: आईचे गुडघे दुखतात, चढ फार झेपत नाही. दोघंही शाकाहारी, बाबांना अंडं चालतं, आईला नाही. माझ्याकडे गाडी आहे, दोन दिवस आणि एक रात्र काढू शकते. स्पेनच्या सीमेपर्यंत जायचीही तयारी आहे.

कुणी स्वतः चालून बघितलेलं गाव सुचवाल का? इंटरनेटवरच्या 'दहा सर्वात सुंदर गावं' छाप याद्या वाचून झाल्यात.

---

निळी_छत्री

मोंसाराझ. डोळे मिटून जा. अलेंतेजु प्रांतात, टेकडीवर तटबंदीच्या आत दोन-तीन गल्ल्यांचं पांढरं गाव आहे. खाली आल्केवा धरणाचा प्रचंड जलाशय पसरलेला दिसतो. संध्याकाळी तटावर बसून राहायचं. गाडी तटाबाहेर लावावी लागते, पण आतला मुख्य रस्ता बऱ्यापैकी सपाट आहे, त्यामुळे आईंना त्रास होणार नाही. रात्री आकाश इतकं काळं असतं की आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. फोटो अप्रतिम येतात.

---

पानफूल_रत्नागिरी

मोंसाराझ देखणं आहे, त्यात वाद नाही. पण बाबा वैद्य आहेत हे वाचलं आणि मी दुसरं काही सुचवूच शकत नाही. त्यांना कास्तेलो द विदला घेऊन जा. अलेंतेजुतच, स्पेनच्या सीमेजवळ.

मी वनस्पतीशास्त्र शिकवायचे. आता निवृत्त आहे, मुलगा कोइंब्राला असतो, त्यामुळे पोर्तुगालला जाणं-येणं होतं. तिथे गेल्यावर मला सगळ्यात आधी हेच गाव बघायचं होतं, कारण सोळाव्या शतकातला वैद्य गार्सिया द ओर्ता तिथला. विद्यार्थ्यांना कोकम, जांभूळ, करवंद शिकवताना त्याचं नाव घेतल्याशिवाय माझा तास पुरा होत नसे. ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 1563 साली गोव्यात छापलेला 'कोलोकियुश' हा भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ त्याचा. सगळा ग्रंथ संवादात आहे. एक ओर्ता स्वतः, दुसरा रुआनो नावाचा कल्पित मित्र, स्पेनमध्ये शिकलेला, पुस्तकी विद्येवर भिस्त असणारा. रुआनो म्हणतो ग्रीकांनी असं लिहिलंय, अरबांनी तसं लिहिलंय, आणि ओर्ता म्हणतो, मी इथे स्वतः पाहिलं ते असं आहे. मधेच घरातली गुलाम मुलगी अंतोनिया झाडपाला आणून देते. मालुपा नावाचा एक हिंदू वैद्यही येऊन बोलतो. हळद, आलं, वेलदोडा, भांग, धोतरा, हिंग, हिरडा-बेहडा-आवळा, बोरं, भिरंड, फणस, सगळं त्यात आहे. पटकीच्या रोग्याचं त्याने केलेलं वर्णन तर आजही वैद्यकाच्या इतिहासात वाचलं जातं.

हा माणूस सन 1500 च्या आसपास कास्तेलो द विदमध्ये जन्मला. आता तो तिथे का जन्मला, हे त्या गावात चालता चालताच कळतं.

सुरुवात वरून करू नका, खालून करा. गावात गाडी लावली की मोठा चौक लागतो, दों पेद्रु पाचव्याच्या नावाचा. तिथलं सांता मारिया द देवेझाचं चर्च भलंमोठं आहे. ते बाहेरूनच बघितलं तरी चालेल. तिथून गल्ल्यांतून खाली उतरत फोंत द विला, म्हणजे गावच्या झऱ्यापाशी या. सोळाव्या शतकातलं बांधकाम आहे. सहा संगमरवरी खांब, वर निमुळतं होत गेलेलं दगडी छत, मधल्या नक्षीदार दगडातून चारही बाजूंनी पाणी कुंडात पडतं. इथलं पाणी पोर्तुगालभर नावाजलेलं आहे. कुंडाच्या कडेचा दगड घागरी टेकवून टेकवून गुळगुळीत झालाय, हात फिरवून बघायला सांगा बाबांना. मी गेले तेव्हा एक आजी प्लास्टिकचे कॅन भरून नेत होती. मी विचारलं, घरी नळ नाही का? म्हणाली, आहे की, पण स्वयंपाकाला हेच.

या झऱ्यापासून वर किल्ल्यापर्यंत जो चढ आहे तोच ज्युदियारिया, म्हणजे ज्यूंची जुनी वस्ती. गल्ल्या अरुंद, दगडगोट्यांच्या, आणि प्रत्येक उंबऱ्याबाहेर कुंड्या. जिरॅनियम, बेगोनिया, नेचे, हायड्रेंजिया. कुंड्यांना पाणी घालायचं काम घराघरातल्या बायका करतात, नगरपालिका नव्हे, आणि तुम्ही कौतुक केलंत तर त्या थांबून बोलतात. बाबांना मात्र वरच्या फुलांकडे न बघता चौकटींकडे बघायला सांगा. टोकदार कमानीच्या ग्रॅनाइटच्या चौकटी ओळीने दिसतात. पोर्तुगालात एका गावात इतक्या गॉथिक चौकटी क्वचितच एकत्र सापडतात. एकेका घराला शेजारी शेजारी दोन दारं आहेत, एक रुंद, एक अरुंद. रुंद दार दुकानाचं किंवा कामाच्या जागेचं, अरुंद दार वर राहत्या घरात जाणारं. शिंपी, चांभार, विणकर, व्यापारी यांची ही वस्ती होती. काही चौकटींच्या उजव्या बाजूच्या दगडात खांद्याच्या उंचीवर एक उभी खाच आहे. बोटाएवढी रुंद. ज्यू घरांत दाराशी धर्मवचनाची गुंडाळी लावतात, तिची ती जागा. मी एका खाचेत बोट घातलं. आतल्या कडा बोथट झालेल्या होत्या आणि तळाशी चुन्याचे थर बसलेले होते. दरवर्षी घर पांढरं करताना तीही भरत गेली असणार.

त्या थरांमागे एक इतिहास आहे, तोही सांगते, कारण नाहीतर ही खाच म्हणजे नुसती खाच राहील. 1492 साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढलं. सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहे. पोर्तुगालच्या राजाने, दुसऱ्या जुआंवने, माणशी आठ क्रुझादो (तेव्हाचं नाणं) घेऊन आठ महिन्यांसाठी त्यांना आत घेतलं. डोक्यावर गाठोडी घेऊन माणसं या डोंगरातून आली, काही इथेच टेकली. ओर्ताचे आईवडील त्यांतलेच. वडील व्हालेन्सिया द आल्कांतारा या सीमेपलीकडच्या गावचे, आई आल्बुकेर्केची. पाच वर्षांत, 1497 मध्ये, राजा मानुएलने सगळ्यांना बळजबरीने ख्रिस्ती केलं. म्हणजे गार्सिया जन्मला तेव्हा घर कागदोपत्री ख्रिस्ती होतं. घराच्या आत काय होतं ते पुढे इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, शोधून काढलं.

तो स्पेनमध्ये सालामांका आणि आल्कालाला शिकला, 1523 च्या सुमारास परत येऊन याच गल्ल्यांमध्ये वैद्यकी करत होता. मग लिस्बनला गेला, तिथल्या विद्यापीठात शिकवलं, आणि 1534 च्या मार्चमध्ये मार्तीं आफोंसो द सूझाच्या ताफ्याबरोबर भारताकडे निघाला. सप्टेंबरात गोव्याला उतरला, तो परत कधीच गेला नाही. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाचा तो वैद्य आणि स्नेही होता. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होतं. ग्रंथात आंब्याच्या प्रकरणात त्याचा मुंबईचा कूळ सिमाँव तोस्कानो आंब्यांची करंडी घेऊन गोव्यात दारात उभा राहतो, आणि ओर्ता सांगतो की मुंबईत माझं एक झाड वर्षातून दोनदा फळतं. घारापुरीच्या लेण्यांचंही वर्णन त्याने केलंय.

1568 मध्ये तो गोव्यात वारला. त्यानंतर वर्षभरातच, 1569 मध्ये, त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याच्या आरोपावरून गोव्यात जिवंत जाळलं. 1580 मध्ये त्याची स्वतःची हाडं थडग्यातून काढून जाळली. मी हे वर्गात शिकवताना दरवेळी एका दमात बोलून टाकायचे. त्या चढावर उभी राहिले तेव्हा मात्र मला पुढे जाता येईना. ज्या माणसाने आमच्या भिरंडाला, बोराला, आवळ्याला इतक्या आपुलकीने न्याहाळलं, त्याच्या मनात आयुष्यभर काय धाकधूक असेल, हे मला तिथे पहिल्यांदा समजलं.

चढाच्या मध्यावर, दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. बाहेरून साधं घर. आता संग्रहालय आहे. आत भिंतीत तोराची, म्हणजे ज्यू धर्मग्रंथाची गुंडाळी ठेवायचा कोनाडा आहे, तो चुकवू नका. 1989 साली राष्ट्राध्यक्ष मारियो सोआरेस यांनी ज्यूंवरच्या अत्याचारांबद्दल पोर्तुगालच्या वतीने क्षमा मागितली, ती याच गावात.

पुढे किल्ला. राजा दिनिशच्या काळातला, चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचा. स्पॅनिश वारसायुद्धात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, स्फोटाने बराच ढासळला. किल्ल्याच्या तटाच्या आत जुनं गावठाण आहे आणि तिथे आजही घरांत माणसं राहतात. दारात खुर्ची टाकून बसलेली म्हातारी माणसं दिसतील. "बों दिया" म्हणा, उत्तर मिळतंच.

आणि एक, वाटाड्या घ्याच. चौकातल्या पर्यटन कार्यालयात आधी फोन करून विचारा. आम्हाला जी बाई मिळाली तिचं माहेरच त्या गल्लीत होतं. मी ओर्ताचं नाव घेतलं, भारतातून आले म्हटलं, तर तिने ठरलेली वेळ संपल्यावरही आम्हाला सोडलं नाही.

---

चालतोय_मी

पानफूल ताई, तुमचा प्रतिसाद वाचून मला वाटलं आपण दोघं वेगवेगळ्या गावी गेलो होतो! आम्ही मित्र ऑगस्टमध्ये गेलो होतो. भाजून काढणारं ऊन, रस्त्यावर चिटपाखरू नाही, तासाभरात गाव संपलं. पांढरी घरं, कुंड्या, किल्ला. शेजारचं मार्वांव गाव त्यापेक्षा कितीतरी भारी वाटलं. कड्याच्या टोकावर किल्ला, साधारण 860 मीटर उंचीवर, दोन्ही देश दिसतात. दोन दिवस असतील तर मार्वांवला राहा.

---

पानफूल_रत्नागिरी

@चालतोय_मी, ऑगस्टमध्ये अलेंतेजुत दुपारी पारा चाळीसच्या वर जातो, गावातले लोक खिडक्यांच्या झडपा ओढून आत बसतात. तुम्हाला गाव दिसलंच नाही, दारं बंद होती. शिवाय तुम्ही सांगणाऱ्याशिवाय फिरलात. या गावात बघण्यासारखं जे आहे ते हाताच्या अंतरावर, चौकटींवर आणि उंबऱ्यांवर आहे, ते कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं.

मार्वांव दुरून बघायला आणि तिथून दूर बघायला अप्रतिम आहे, हे मान्यच. नवव्या शतकातल्या इब्न मरवानच्या नावावरून ते नाव पडलं. किल्ल्यातलं पाण्याचं टाकं बघण्यासारखं आहे. पण एप्रिलमध्ये तिथे वारा फार असतो आणि दुकानं-खानावळी थोड्या. राहायला कास्तेलो द विद बरं. दोन्हींत जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं अंतर आहे गाडीने.

---

तेरेखोलकाठ

मी पेडण्याचा, सध्या पोर्तु शहरात. पानफूल बायेचं लिखाण वाचून राहवलं नाही. माझे दोन मुद्दे.

पहिला, ईस्टर. त्या दिवसांत कास्तेलो द विदला जाणार असाल तर शनिवार गाठा. सकाळी मेंढपाळ आपापली मेंढरं घेऊन चौकात येतात आणि पाद्री कोकरांना आशीर्वाद देतो. रात्री चर्चमधली प्रार्थना झाली की सगळं गाव गुरांच्या घंटा घेऊन रस्त्यावर उतरतं. लहान पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत प्रत्येकाच्या हातात घंटा, काहींच्या कंबरेला. चोकाल्यादा म्हणतात. तो आवाज छातीत घुमतो. गावातले लोक सांगतात की कोकरांच्या या सणात जुन्या ज्यू वल्हांडणाचाही (पासओव्हर सणाचा) धागा आहे, आणि तिथल्या वस्तीचा इतिहास बघता मला ते पटतं. मात्र हे आधीच सांगून ठेवतो: आशीर्वाद मिळालेली कोकरं ईस्टरच्या जेवणासाठीच असतात. घरच्यांना ते बघवेल का, याचा विचार करा. न बघवल्यास फक्त रात्रीच्या घंटांना जा.

त्या दिवसांत तिथल्या प्रत्येक खानावळीत सारापातेल असतं. कोकराचं रक्त, काळीज, पोटातले भाग, जिरं, लवंग, पाव. आमच्याकडे गोव्यात ख्रिस्ती घरांत लग्नाला, नाताळाला सोरपोतेल होतं, डुकराचं, व्हिनेगर आणि सुक्या मिरच्या घातलेलं, सान्नांबरोबर. मी पहिल्यांदा त्यांचं खाल्लं तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या माणसाला म्हटलं, हे आमच्या गावात तिखट करतात. त्याने लगेच बायकोला बोलावलं आणि मला आमची कृती सांगायला लावली. शाकाहारी मंडळींना याचा उपयोग नाही, पण हे इथे लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

दुसरा मुद्दा जास्त महत्त्वाचा. त्या गावचा आणखी एक माणूस आहे, ज्याचं नाव इथे अजून कुणी घेतलं नाही. सालगेइरु माया. 1944 साली कास्तेलो द विदमध्ये जन्म. 25 एप्रिल 1974 च्या पहाटे सांतारेंच्या घोडदळ शाळेतून चिलखती गाड्या घेऊन लिस्बनमध्ये शिरलेला तरुण कप्तान हाच. कार्मुच्या बराकीला वेढा घातला, तिथे पंतप्रधान कायतानो शरण आला आणि जवळजवळ अर्धशतकाची हुकूमशाही संपली. माया 1992 मध्ये कर्करोगाने गेला. गावच्या स्मशानात त्याचं थडगं आहे, अगदी साधं, त्याने स्वतः तसं मागितलं होतं. किल्ल्यात त्याच्या नावाचं संग्रहालयही केलंय.

आम्हा गोवेकरांचा त्या दिवसाशी थेट संबंध आहे. 1961 मध्ये गोवा मुक्त झाला, पण सालाझारच्या राजवटीने ते कधी मान्य केलं नाही. क्रांती झाल्यावर, त्याच वर्षी 31 डिसेंबरला पोर्तुगालने करार करून गोवा, दमण, दीव, दादरा-नगरहवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. माझे आजोबा मुक्तिलढ्यात होते, तुरुंगात गेले होते. मी मायाच्या थडग्यावर लाल कार्नेशन, त्या क्रांतीचं फूल, ठेवून आलो आणि घरी फोटो पाठवला. आजीने तो देवघराच्या बाजूला लावलाय.

एका गावातून एक वैद्य गोव्याला गेला आणि पुन्हा कधी परतला नाही, आणि त्याच गावच्या दुसऱ्या माणसाने गोव्याचा प्रश्न मिटायला वाट करून दिली. सांगलीच्या ताई, बाबांना स्मशानातही न्या.

---

सांगलीची_लिस्बनमध्ये

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना पानफूल काकूंचा प्रतिसाद फोनवर वाचून दाखवला. हिरडा-बेहडा-आवळा ऐकल्यावर त्यांनी मला थांबवून पुन्हा वाचायला लावलं. ठरलं, कास्तेलो द विद. ईस्टरच्या शनिवारी पोचून रात्रीच्या घंटा ऐकणार, कोकरांच्या वेळेला आईला नेणार नाही.

आता काही प्रश्न:

झऱ्यापासून किल्ल्यापर्यंतचा चढ आईला झेपेल का? काही पर्याय?
आईने खायचं काय? अंडंही नाही.
आणि बाबा विचारताहेत, ओर्ताचं घर गावात दाखवतात का?

---

पानफूल_रत्नागिरी

आधी शेवटचं. 'हेच त्याचं घर' असं म्हणून एका दाराकडे बोट दाखवता येत नाही. पण त्या वस्तीतली घरं त्याच्या काळातलीच आहेत, झरा आणि सिनेगॉग यांच्या मधल्या गल्ल्यांतून तो रोग्यांकडे जात-येत असणार. बाबांना एवढं पुरेल असं वाटतं.

चढाबद्दल. आख्खा चढ आईंनी चढू नये. दगडगोटे गुळगुळीत आहेत, पाऊस पडून गेला असेल तर निसरडे होतात. झऱ्यापासून सिनेगॉगपर्यंतचा टप्पा छोटा आहे, तेवढा हळूहळू होईल, मधे उंबऱ्यांवर बसत. पुढे मात्र चढायचं नाही. तुम्ही आईंना घेऊन खाली या आणि गाडीने वळसा घालून किल्ल्याच्या बाजूला जा, बाबा वाटाड्याबरोबर चालत वर येतील. तटाच्या आतलं गावठाण बरंच सोपं आहे. तिथे एक चिमुकलं चर्च आहे, नोसा सेन्योरा द आलेग्रियाचं, आतून रंगीत फरशांनी मढवलेलं. उघडं असेल तर आईंना तिथे बसवा, थंडगार असतं. उतरताना गुडघ्यांवर जास्त ताण येतो, म्हणून पायी उतरायचा आग्रह धरू नका. रबरी तळाचे बूट, आणि काठी असेल तर काठी.

जेवणाचं मी नीट सांगते, कारण मीही शाकाहारी आहे. अलेंतेजुचे लोक कोथिंबीर आपल्यासारखीच मूठमूठ घालतात. युरोपात असं फार कमी ठिकाणी बघायला मिळतं. आसोर्दा नावाचा पदार्थ आहे. खलबत्त्यात लसूण, कोथिंबीर आणि मीठ कुटतात, त्यावर ऑलिव्ह तेल आणि उकळतं पाणी ओततात, त्यात शिळ्या पावाचे तुकडे. कुटतानाचा वास आला की आपल्या घरची हिरवी चटणी आठवते. वर अंडं सोडतात, ते "सें ओवु" म्हणून आईंसाठी टाळता येतं. पाणी साधं आहे ना, माशाचं नाही ना, हे मात्र विचारून घ्या, काही जण मासा उकडलेलं पाणी वापरतात. टोमॅटोचं सारही मिळतं. काल्दु वेर्द नावाचं हिरवं सूप कुणी शाकाहारी म्हणून देईल, त्यात सॉसेजची चकती असते, सावध.

चीज जवळच्या नीझाचं घ्या. मेंढीच्या दुधाचं. वासराच्या जठरातलं विरजण त्यात नसतं, एका रानटी काटेरी झाडाच्या जांभळ्या फुलांचे तंतू पाण्यात भिजवून त्या पाण्याने दूध फाडतात. आर्टिचोकचं सख्खं भावंड ते झाड. बाबांना सांगा, एप्रिलमध्ये रस्त्याच्या कडेला त्याची राखाडी हिरवी, करवतीसारखी पानं दिसतील. फूल उन्हाळ्यात येतं.

गोड हवं असेल तर बोलेइमा. बिनफुगवलेल्या पिठाची चपटी पोळी, मधे सफरचंद, वर साखर-दालचिनी. ज्यू घरांतून आलेला पदार्थ असं तिथे मानतात. पिठात चरबी किंवा अंडं आहे का ते बेकरीत विचारा, दरेकाची पद्धत निराळी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्वांव करा, आणि वाटेत सां मामेदेच्या डोंगरात गाडी थांबवा. उत्तरेच्या उतारावर चेस्टनट आणि ओक, दक्षिणेकडे बुचाची झाडं. साल काढलेल्या बुचाच्या खोडावर पांढऱ्या रंगात एक आकडा लिहिलेला असतो, साल कुठल्या वर्षी काढली त्याचा शेवटचा अंक. नऊ वर्षं पुरी झाल्याशिवाय पुन्हा हात लावत नाहीत.

---

निळी_छत्री

मी मोंसाराझ मागे घेते, यावेळी तुम्ही तिकडेच जा. वेळ उरला तर कास्तेलो द विदच्या उत्तरेला मेयादाचा उभा पाषाण आहे, माणसाने उभा केलेला, सात मीटरच्या वर उंच. इबेरियातला सगळ्यात उंच म्हणतात. शेवटपर्यंत गाडी जवळपास जाते, आईंनाही जमेल.

---

सांगलीची_लिस्बनमध्ये

खोली मिळाली, चौकाजवळच. पर्यटन कार्यालयालाही फोन केला, वाटाड्या शनिवारी दुपारी मोकळा आहे, मी ओर्ताबद्दल आवर्जून सांगितलंय.

पानफूल काकू, एक शेवटचं. बाबा परतीच्या वाटेवर मुंबईत आत्याकडे दोन दिवस थांबणार आहेत. ओर्ताची मुंबईतली जागा कुठे होती?

---

पानफूल_रत्नागिरी

फोर्टात. एशियाटिक सोसायटीच्या पायऱ्या चढता ना, त्या टाउन हॉलच्या मागे त्याचा वाडा होता. पुढे इंग्रजांनी त्याच जागेभोवती बॉम्बे कॅसल बांधला. आता तो भाग नौदलाकडे आहे, आत सहज जाता येत नाही. एशियाटिकच्या पायऱ्यांवर बसून मागच्या बाजूला बघायचं, एवढंच. गोव्याला जाणं झालं तर पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, चर्चच्या चौकाजवळ, तिथे मात्र निवांत बसता येतं.